बोलत बोलत उजवीकडून

आधी रेबेकाबाईंचं नाव लिहिते, मग पुढचं. रेबेकाबाई नवीन पनवेलला राहतात, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. आठवड्यातून एकदा त्यांच्या दारात मासळीची पिशवी घेऊन उभी राहणारी मुलगी, एवढीच आमची ओळख. पण आज मी ज्या देशात, डोक्यावर निळी टोपी घालून बसले आहे, तिथवर त्यांच्यामुळे पोचले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी सैन्याच्या गोष्टी सांगत बसेन आणि त्यांचं नाव मागे राहील.

तर निघाले तो दिवस. पनवेल स्टेशनात दिल्लीकडची गाडी फार वेळ थांबत नाही, म्हणून आम्ही तिघं कितीतरी आधी जाऊन बसलो होतो. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं माझं नाव, आणि त्या नावावरच बसलेली माझी आई. मासळीचा बाजार अर्धवट टाकून ती तशीच आली होती. बदलायची साडी पिशवीत होती, ती पिशवीतच राहिली. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून रुळांकडे बघत होते.

"कुठं गो पाठवनार तुला? दुबईच्या पुढं?" आईनं विचारलं. आमच्या गव्हाणात परदेश म्हटला की दुबईपासून मोजायचा.

"खूप पुढं. आफ्रिकेत."

"आनि काम काय? बंदूक धरायची का स्टेरिंग?"

"दोन्ही."

"मग हात किती हायेत तुला?"

बाबा हसले. मीही हसले. एक गोष्ट मात्र मी दोघांना नीट सांगितली नव्हती. मी लगेच परदेशी निघाले नव्हते. आधी दिल्लीकडच्या कॅम्पात वर्षभर तयारी, आणि तयारी करणाऱ्या सगळ्या जणी जाणार नव्हत्या. मी सैन्याच्या पोलिसांत आहे. आमची बायकांची तुकडी शांतिसेनेत जायची होती आणि तिच्यात माझं नाव ड्रायव्हर म्हणून होतं. शेवटी बाहेरून परीक्षक येणार, गाडी चालवून घेणार. जमलं तर विमान, नाही जमलं तर ट्रंक उचलून जुन्या युनिटात परत. इकडे गावातल्या पोरांचा नाक्यावर फ्लेक्स लावूनसुद्धा झाला होता. वर्दीतला माझा फोटो, मागे विमान, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. शुभेच्छुकांचे चेहरे माझ्यापेक्षा मोठे आले होते. तो फ्लेक्स बघितला की मला धाप लागायची.

गाडी आली. आईनं भाकरीचं फडकं हातात कोंबलं आणि म्हणाली, "पानी उकलून पी." बाबा म्हणाले, "गाडी सांभाल." हे ते मी टेम्पो घेऊन पनवेलच्या बाजारात निघाले तरी म्हणायचे, त्यामुळे त्यात निरोपाचं असं काही नव्हतं. डबा हलल्यावर मात्र ते काठी उचलून डब्याबरोबर दोनचार पावलं चालले. मी तोंड फिरवलं.

माझी शाळा दहावीनंतर सुटली. मार्क बरे होते. पण त्याच सुमारास बाबा मोरा बंदराच्या धक्क्यावर पाय घसरून पडले आणि गुडघा कायमचा गेला. आई बाजारात बसायची, तिच्या शेजारी मी बसायला लागले. अठरा पूर्ण झाल्यावर लायसन्स काढलं आणि बाबांचा छोटा टेम्पो माझ्या हातात आला. पहाटेचा लिलाव उरकला की उजाडता उजाडता मोऱ्याहून निघायचं, गव्हाण फाट्यावरून पनवेल. बाबा शेजारी बसून शिकवायचे. ते कधी ओरडले नाहीत. मी चुकले की नुसते दार घट्ट धरायचे. त्या धरण्यावरून मी गाडी शिकले.

पुढे भरतीची जाहिरात आली, धावण्याच्या परीक्षेत पास झाले, आणि घर सुटलं. पण तोवर रेबेकाबाईंच्या घरी मासळी पोचवायचं काम माझ्याकडे होतं. त्या आपल्या कोकणातल्याच ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं घर, दाराच्या चौकटीला तिरपी लावलेली एक छोटी डबी, आत त्यांच्या प्रार्थनेच्या ओळी, येताजाता तिला बोटं लावून त्या ओठांशी न्यायच्या. मासळी खवल्यांचीच लागायची. रावस, पापलेट चालतं. कोळंबी, चिंबोरी, मुशी नाही. आई सुरुवातीला फार हळहळायची, "काय गो बाय, कोलंबी खायाची नाय म्हंजी जगायचं कसं?" बाई हसून म्हणायच्या, "तुझ्या देवाचा सोमवार असतो ना, तसा माझ्या देवाचा रोजचाच सोमवार आहे." त्यांच्या दोन्ही बहिणी, भाचे, मुलगा सगळे इस्राएलला गेले. बाईसुद्धा मुलाकडे राहायला म्हणून गेल्या होत्या, आणि काही वर्षांनी परत आल्या. का आल्या ते मी तेव्हा विचारलं नाही. मासळी देणाऱ्या मुलीनं विचारायचा प्रश्न नव्हता तो.

आता कॅम्प. कुंपणाच्या दारावर पाटी होती, हिंदीत, भल्यामोठ्या अक्षरांत: यहाँ से दाहिने। आम्ही जाणार होतो त्या देशात सगळी वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं. म्हणून कुंपणाच्या आत वर्षभर सगळं उजवीकडून. नुसत्या गाड्या नाहीत, माणसंसुद्धा. पीटीला पळायचं ते उजव्या कडेनं. मेसला जायचं ते उजव्या कडेनं. जिन्यात समोरून कोणी आलं तर उजवीकडे सरायचं. स्टेअरिंग डाव्या बाजूला, गिअर उजव्या हाताला. दाराच्या आत येताना गाडी हळू करून डावी बाजू सोडायची आणि उजवी धरायची, बाहेर जाताना उलट. त्या दारावर आमचे गाडी शिकवणारे उस्ताद उभे असायचे, गढवालकडचे, बारीक आवाजाचे. "हाथ पहले बदलेगा बेटा, दिमाग बाद में," म्हणायचे. आणि जी चुकेल तिला गाडीतून उतरवून स्वतः गाडी आत न्यायचे. शिक्षा एवढीच. पण मागच्या सगळ्या गाड्या बघत असायच्या, आणि मला वाटायचं त्यापेक्षा पळायला लावलं असतं तर बरं.

पहिले कित्येक आठवडे मी दारातून आत शिरताना रोज चुकले. ज्या मुलींनी आधी कधी गाडी चालवलीच नव्हती त्या पटापट शिकल्या. त्यांच्या हातांना विसरण्यासारखं काही नव्हतं. माझ्या हातात मात्र मोरा ते पनवेल पक्कं मुरलेलं होतं. वळणावर मी विचार करायच्या आत हात डावीकडे जायचा. गिअर शोधायला डावा हात दाराच्या काचेवर आपटायचा. माझी जोडीदार कमलेश, हरयाणाची, शेजारी बसून म्हणायची, "दरवाज़े में कौन सा गियर डाल रही है, मराठन?" (आईला मी फोनवर कमलेशचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कोन हा कमलेश?" मुलगी आहे हे तिला पटवायला मला फोटो पाठवावा लागला.)

बाकीची तयारी मला जड गेली नाही. त्या गरमीत पूर्ण सामान पाठीवर घेऊन चालणं, सुरुंग ओळखणं, जखम बांधणं, सुया टोचून घेणं. कॅम्पात एक खोटं गाव उभारलं होतं, मातीच्या भिंती, गवताची छपरं. आमच्याच बटालियनमधले जवान तिथले गावकरी व्हायचे. एक मिशीवाले हवालदार शाल गुंडाळून गरोदर बाई व्हायचे आणि अशा काही कळा द्यायचे की दुभाषा झालेला शिपाई हसून खाली बसायचा. आम्ही मात्र हसायचं नाही. गुडघ्यावर बसायचं, बंदूक मागे सारायची, आधी पाणी विचारायचं, मग नाव. आमची तुकडी त्यासाठीच होती. तिकडच्या बायका पुरुष सैनिकांशी बोलत नाहीत, म्हणून आम्ही. आणि त्या बायकांपर्यंत आम्हाला पोचवणारी गाडी माझ्या हातात असणार होती. पाच जणी माझ्या मागे बसणार, हे उस्ताद रोज सांगायचे. मुद्दाम सांगायचे की सवयीनं, ते कळत नसे.

दुसरी अडचण इंग्रजीची. वायरलेसवरचं सगळं इंग्रजीत. परीक्षा घेणाऱ्यांची भाषाही तीच. मला वाचता यायचं, पण बोलायला तोंड उघडलं की हिंदीच निघायची. म्हणून एका रविवारी मी धीर करून रेबेकाबाईंना फोन लावला. आधी त्यांना वाटलं आईनं रावस आहे हे कळवायला सांगितलं असणार. मी अडखळत सांगितलं. त्या म्हणाल्या, "रविवारी फोन करत जा. शनिवारी नको, तो आमचा विसाव्याचा वार, मी उचलणार नाही. आणि वही घेऊन बसू नकोस. वही बघितली की तू घाबरशील. समोर काय दिसतं ते सांग मला."

मग दर रविवारी मी बॅरकच्या पायरीवर बसून समोर दिसेल ते इंग्रजीत सांगायचे. झाड. टाकी. पाण्याच्या टाकीवर माकड. कमलेश मागून माझ्या आवाजात नकला करायची. बाई कधी चूक काढायच्या नाहीत, त्या नुसतं माझं वाक्य बरोबर करून पुन्हा म्हणायच्या आणि विचारायच्या, "मग माकड काय करतंय आता?" एवढं साधं होतं ते. पुस्तकातलं इंग्रजी मला कधी आलं नाही, माकडाचं आलं.

पावसाळा संपता संपता मी सुधारले. दारावर चुकायचं थांबलं. उस्ताद काही बोलले नाहीत, पण मी आत शिरले की दुसरीकडे बघायला लागले. तेवढ्यात परीक्षेच्या आधीची रजा मिळाली आणि मी घरी आले. त्या रजेतच सगळं बिनसलं.

मी गेल्यापासून बाबाच कसेबसे टेम्पो काढायचे, त्यात त्यांचा गुडघा सुजला होता. टेम्पो दुसऱ्या कोणाला द्यायचं चाललं होतं, मी म्हटलं मी आहे ना. आईला शेजारी बसवलं, मोऱ्याहून माल भरला. चांगलं उजाडलं होतं. उरण रस्त्यावर ट्रेलरच्या मागे होतो तोवर सगळं ठीक. समोर गाडी असली की माणूस तिच्या मागे जातो. गव्हाण फाट्याला मी वळले आणि पुढचा रस्ता रिकामा दिसला. आई माझ्या लग्नाचं काहीतरी काढत होती, आणि मी ते ऐकायचं नाही म्हणून कॅम्पातलं काहीतरी सांगत होते. मला अजिबात कळलं नाही. वळणातून बाहेर पडताना मी सरळ, अगदी सफाईनं, उजवी बाजू धरली. वर्षभर ज्यासाठी घाम गाळला होता तेच केलं, आणि एकदाही न अडखळता.

समोरून कंटेनरचा ट्रेलर आला. मला वाटलं, हा चुकीच्या बाजूनं काय येतोय. खरंच असं वाटलं. मी हॉर्नसुद्धा दिला. मग आईनं दार धरलं, दोन्ही हातांनी, अगदी बाबांसारखं, आणि ते दार धरणं बघून माझ्या हातांना कळलं. मी स्टेअरिंग डावीकडे ओढलं. टेम्पो रस्ता सोडून कडेच्या चिखलात उतरला आणि तिरका थांबला. मागे क्रेट एकमेकांवर पडल्याचा आवाज झाला. बर्फ आणि बोंबील रस्त्यावर पसरले.

ट्रेलरवाला पुढे जाऊन थांबला, उतरून चालत आला. "ओ बाई, मरायचंय का? कुठं शिकलात गाडी?"

आईच्या कपाळाला खोक पडली होती, पदर तिथं दाबून ती म्हणाली, "ए, नीट बोल! माझी पोरगी मिल्ट्रीत हाय. फारेनची गाडी चालवते ती!"

"मग फारेनला चालवा म्हनावं. आमच्या रस्त्यावर कशाला?"

हे बोलून तो आमच्याबरोबर खाली बसून बोंबील गोळा करायला लागला. तिघंही गोळा करत होतो.

घरी आल्यावर आईनं बाबांना काही सांगितलं नाही. बाबांनी टेम्पोची बाजू बघितली, तिचं कपाळ बघितलं, आणि ते समजले. संध्याकाळी मी भांडी घासत होते तेव्हा आई माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली. ओरडली असती तर मला चाललं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुझी आई हाय, मी मेली तर मेली. पन तिथं तुझ्या गाडीत परक्याच्या पोरी बसनार. त्यांच्या पन आया हायेत. तू नको जाव."

ती भित्री आहे, तिला जग माहीत नाही, असं काहीही मला म्हणता आलं नाही. ती बरोबर होती. बाबा ओट्यावरून एवढंच म्हणाले, "तिचा हात बिघडला नाय. हात शिकलाय." आई त्यांच्याकडे बघून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पोला हात लावला नाही. गल्लीतून चालतानासुद्धा मला कळेना की समोरून कोणी आलं तर कुठल्या बाजूला सरायचं. डावं गेलं होतं आणि उजवं आलं नव्हतं. मनाशी ठरवलं की परत जाऊन उस्तादांना सांगायचं, माझं नाव काढा. ठरवल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मी बस धरून नवीन पनवेलला गेले, रेबेकाबाईंना सांगायला की आता रविवारचे फोन नकोत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये उठून चहा केला. मग म्हणाल्या, "मी तिकडे गेले ना मुलाकडे, तर पहिलं वर्षभर रस्ता ओलांडता येत नव्हता मला. आपण इथे आधी उजवीकडे बघतो. तिकडे गाडी डावीकडून अंगावर येते. दोनदा लोकांनी मला मागे ओढलं. माझी सून म्हणायची, आई, तुम्ही लक्ष देत नाही. अगं, मी लक्षच देत होते! जन्मभर ज्या बाजूला द्यायचं त्या बाजूला देत होते."

"मग काय केलंत?"

"बोलायला लागले. मराठीत विचार केला की मान उजवीकडे जायची. म्हणून रस्त्याच्या कडेला उभं राहून तिकडच्या भाषेत मोठ्यानं म्हणायचे, आधी डावीकडे, मग उजवीकडे. वेडी म्हातारी वाटत असेन. पण त्या भाषेत मान बरोबर वळायची. त्या भाषेत मला जुनी सवयच नव्हती ना." त्यांनी कप खाली ठेवला. "तू गाडी चालवताना कुठल्या भाषेत असतेस?"

मी विचार केला. कॅम्पात मी हिंदीत असते, उस्तादांचं ऐकत. घाबरले की मराठीत येते. इंग्रजीत मी कधी गाडीत बसलेच नव्हते. इंग्रजीत मी फक्त पायरीवर बसून माकडं सांगितली होती.

"मग माकडाचं सांगतेस तसं रस्त्याचं सांग," बाई म्हणाल्या. "स्टेअरिंगला हात लावलास की तोंड सुरू. गाडी थांबली की बंद. आणि इथे गव्हाणात आलीस की मराठीत गप्प बस. दोन घरं वेगळी ठेव म्हणजे भांडणार नाहीत."

निघताना मी विचारलं, तेव्हा धीर झाला, "बाई, मग तुम्ही परत का आलात?" त्या म्हणाल्या, "सारखं बोलून बोलून दमले." आणि हसल्या. पण ते हसणं मला पूर्ण हसणं वाटलं नाही.

आईला मी काही पटवू शकले नाही. रजा संपली तेव्हा ती स्टेशनवर आली नाही. बाजारात गर्दी आहे म्हणाली. बाबा रिक्षानं सोडायला आले.

कॅम्पात परतल्यावर मी दारातून आत शिरताना तोंड उघडलं. आय ॲम एंटरिंग. आय ॲम कीपिंग राइट. मिरर. क्लिअर. स्लो. कमलेशनं कपाळावर हात मारला. "पागल हो गई मराठन." पण गाडी बरोबर बाजूला होती. मी बोलत राहिले. पाण्याची टाकी आली, टाकी सांगितली. कुत्रं आलं, कुत्रं सांगितलं. दिवसभर बोलून संध्याकाळी जीभ सुजल्यासारखी व्हायची. एक दिवस उस्तादांनी गाडी थांबवली आणि खिडकीशी वाकून विचारलं, "किससे बात कर रही है?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी टोपी मागे सरकवून विचार केला आणि म्हणाले, "बोल. पर ज़ोर से बोल, मुझे भी सुनाई दे." आठवड्याभरात आमच्यातल्या आणखी दोघी बोलायला लागल्या. एक तमिळ होती, ती काय बोलायची कोणाला कळायचं नाही, पण गाडी नीट न्यायची.

परीक्षेच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. परीक्षक एक उंच गोऱ्या बाई होत्या, केस अगदी बारीक कापलेले. त्या शेजारी बसल्या, मी इंजिन सुरू केलं आणि तोंडही. त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मी थांबले नाही, थांबले असते तर संपले असते. खांबांमधून नागमोडी, मग उतारावर, मग मागे घेत चौकोनात. सगळं सांगत सांगत. मग त्यांनी कुंपणाच्या आतच, मागच्या मोकळ्या मैदानात आखलेल्या रस्त्यावर न्यायला लावलं. तिथं वळण होतं. वळणापलीकडे रस्ता रिकामा. मला ट्रेलर दिसला. नव्हता, पण दिसला. माझ्या तोंडून निघालं, "आई गं," आणि त्या दोन शब्दांबरोबर दोन्ही हात डावीकडे निघाले.

मी गप्प असते तर गेलेच असते. पण तोंडाला सवय लागली होती. 'आई गं'च्या मागोमाग आपोआप आलं, कीप राइट, कीप राइट, कीप राइट. हात थांबले. गाडी जरा डगमगली आणि उजव्या कडेला लागली.

गाडी थांबल्यावर परीक्षक बाईंनी विचारलं की मध्ये तू काहीतरी वेगळं बोललीस, ते काय होतं. मी माझ्या माकडाच्या इंग्रजीत सांगितलं, ते माझ्या घरचं होतं, घरी आम्ही डावीकडून जातो. त्या बराच वेळ लिहीत होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना.

निकाल संध्याकाळच्या रोलकॉलला वाचला. आधी डॉक्टरच्या मदतनीस, मग वायरलेसवाल्या, ड्रायव्हर शेवटी. कमलेशनं माझं कोपर इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला. माझं नाव आलं तेव्हा मला ओळखूच आलं नाही. वाचणाऱ्यानं दुसऱ्यांदा वाचलं. उस्ताद समोर बघत उभे होते, आणि फक्त हनुवटी किंचित हलवली त्यांनी.

बाबांना फोन केला, ते "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिले. मग फोन आईकडे गेला. मला वाटलं ती रडेल नाहीतर रागावेल. पलीकडून बाजाराचा गलका येत होता. मग ती म्हणाली, "बाई येऊन गेल्या. दुकानाशी उभ्या राहून मला सगलं सांगून गेल्या, तू कशी चालवतेस ते." पुन्हा गलका. "बोलत जा गो. मधेच गप नको बसूस."

हे माझ्या आईचं 'जा' होतं. याहून मोठं 'जा' मला कोणी म्हटलेलं नाही.

आता मी इथं आहे. देशाचं नाव लिहायची परवानगी नाही. लाल मातीचा रस्ता, दोन्ही कडांना काटेरी झुडपं, राहायला पत्र्याचा कंटेनर. आमच्याकडे ज्या कंटेनरनं आम्हाला चिखलात घातलं तशाच एका कंटेनरात आता मी झोपते, हे आईला सांगितलं तर तिनं देवाला नारळ बोलला. मागे पाच जणी बसतात. मी बोलते, त्या ऐकतात. कमलेश म्हणते माझ्या बोलण्याशिवाय आता तिला गाडीत बसल्यासारखं वाटत नाही. गावात पोचलो की बायका झाडाखाली जमतात, आम्ही गुडघ्यावर बसतो, पाणी विचारतो. परतताना कधी कधी रस्त्यात माणसं आडवी येतात, हातात बंदुका असतात, आणि तेव्हा मी तेसुद्धा सांगते, आवाज जितका सरळ ठेवता येईल तितका ठेवून. फोर मेन. वन गन अप. आय ॲम स्टॉपिंग. भीती कमी झालेली नाही. ती शेजारी बसते आणि मी तिला रस्ता सांगते, इतकंच.

इथं सुट्टीच्या दिवशी सगळ्या जणी घराविषयी बोलतात. कोणाला आईच्या हातचं जेवण आठवतं, कोणाला अंगण. मला पण आठवतं. पण आता घर म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर मला गव्हाण फाट्यापासून आमच्या दारापर्यंतचा तो छोटासा रस्ता सांगावा लागेल. जगात तेवढ्याच रस्त्यावर मला स्वतःला काही सांगावं लागत नाही. तोंड बंद ठेवून मी जाऊ शकते. निदान जाऊ शकत होते, आणि परतल्यावर पुन्हा जाता येईल की नाही, ही धाकधूक घेऊन मी रोज झोपते. जे माझ्यासारखे बाहेर पडले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे घरी आहेत त्यांना एवढंच सांगते की आम्ही गप्प बसलो की तुम्ही काळजी करता, पण आम्ही गप्प बसायलाच घरी येतो.

रेबेकाबाईंनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. पण मागच्या फोनवर आई सांगत होती, बाईंना आता एसटीची पायरी चढवत नाही, आणि रेवदंड्याकडे जाणारी कोणाची गाडी आहे का म्हणून त्या बाजारात विचारत होत्या. तिकडे त्यांच्या गावात त्यांच्या आईवडिलांच्या कबरी आहेत. सगळं कुटुंब समुद्रापार गेल्यावर तिथं जाणाऱ्या त्या एकट्या उरल्या, आणि आता त्यांचंही जाणं थांबलंय. आई म्हणाली, दुसरी गाडी बघू या का? मी म्हटलं, नको, त्यांना सांग थोडं थांबा.

थांबा, बाई. माझी इथली मुदत संपली की मी येते. एकदाच नाही, दर वर्षी, तुम्ही म्हणाल तेव्हा, तुमच्या गावी तुम्हाला नेणं माझ्याकडे लागलं. टेम्पो साबणानं धुऊन आणीन, पुढच्या सीटवर उशी टाकीन. पेणची वळणं हळू घेईन. त्या दिवशी मला काही सांगायला लावू नका. रस्ताभर तुम्ही बोला, तिकडचं, इकडचं, तुम्ही खरंच का परत आलात ते. मी डाव्या बाजूनं गाडी चालवीन आणि ऐकत राहीन.